काटा वेगळा, दर वेगळा

वारणा नदी कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांची हद्द आखत वाहते. तिच्या दक्षिणेला, पन्हाळा तालुक्यात, कोडोलीला लागून वारणानगर आहे. तात्यासाहेब कोरे यांनी इथल्या माळावर सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याच्या आधाराने पुढे दूध संघ आला, वारणा बाजार आला, शाळा-महाविद्यालये आली आणि १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयही आले. मे १९९८ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी माहिती तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय कार्यदल नेमले. त्याच वर्षी या कार्यदलाच्या पुढाकाराने एक प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला गेला आणि त्यासाठी देशभरातून वारणा खोऱ्याची निवड झाली. प्रकल्पाचे नाव ‘वायर्ड व्हिलेज’. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली वारणानगरभोवतीची सुमारे ७० गावे त्यात होती. निम्मा खर्च केंद्राचा, ४० टक्के राज्याचा आणि १० टक्के वारणेच्या सहकारी संस्थांचा, अशी वाटणी ठरली. तांत्रिक बाजू राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने सांभाळली.

या प्रकल्पाबद्दल पुष्कळ लिहिले गेले, पण बहुतेक लिखाण यंत्रांभोवती फिरते: गावोगावचे संगणक, जोडणीच्या तारा, उद्घाटने. त्या संगणकांत चालणाऱ्या कामाची विभागणी कशी होती, कोणता भाग कशावर अवलंबून होता आणि पुढे कोणता भाग बदलता आला, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. वेबवरचे मोठे काम लिहिणाऱ्या प्रत्येकाला आजही हाच प्रश्न पडतो. सगळा कोड एकाच फाइलमध्ये कोंबायचा, की त्याच्या फाइली करायच्या? केल्या तर कुठे कापायचे? कोल्हापूर जिल्ह्यात या प्रश्नाचा इतिहास उसाच्या फडातून जातो, म्हणून आधी ऊस कसा नोंदला जातो ते पाहायला हवे.

शेतकरी लागण करतो आणि कारखान्याच्या गट ऑफिसात तिची नोंद देतो: गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख. लागण आडसाली आहे, पूर्वहंगामी आहे, सुरू आहे की खोडवा, यावर तोडणीची पाळी ठरते. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस दीड वर्षाच्या आसपास रानात उभा राहतो, खोडवा त्याच्या कितीतरी आधी तयार होतो. पाळी आली की तोडीची चिठ्ठी निघते, टोळी फडात उतरते, ट्रॅक्टर भरून काट्यावर येतो. भरलेल्या वाहनाचे वजन होते, रिकाम्याचे होते, दोन्हींतला फरक काटा पावतीवर छापून येतो. मग सगळ्या पावत्या एकत्र होतात, टनेजला दर लागतो, सोसायटीचे कर्ज वळते होते, उधारीवर उचललेले खत कापले जाते आणि उरलेली रक्कम सभासदाच्या खात्यावर जमा होते. तोडलेला ऊस पडून राहिला तर वजनही घटते आणि उताराही, त्यामुळे ही साखळी कुठेही अडून चालत नाही.

नोंद, पाळी, काटा, बिल. चार कामे, चार प्रकारची माणसे आणि चार वेगवेगळे वेग. काट्यावर हंगामात रात्रंदिवस वजने पडत असतात. नोंदीची गर्दी लागणीच्या महिन्यांत. बिले पंधरवड्याने. दर वर्षातून एकदा ठरतो, तोही बहुधा आंदोलनानंतर.

नव्वदच्या दशकात अशा कामांसाठी भारतभर डीबेस आणि फॉक्सप्रो वापरले जात. त्यांत एक विभागणी आपोआपच होई. माहितीचे प्रत्येक कोष्टक ‘डीबीएफ’ नावाच्या स्वतंत्र फाइलीत बसे आणि सूचनांचा कोड ‘पीआरजी’ फाइलीत. सभासदांची फाइल वेगळी, पावत्यांची वेगळी. पण कोडच्या बाजूला शिस्त पाळायची की नाही, हे लिहिणाऱ्यावर होते. एक पीआरजी फाइल दुसरीला ‘डू’ म्हणून बोलावू शके. ज्यांनी ती सोय वापरली त्यांचे काम टिकले. ज्यांनी वापरली नाही त्यांच्या एकाच फाइलीत पडद्यावरचे रकाने, दराचा हिशेब आणि छपाईच्या ओळी हजारोंच्या संख्येने एकापाठोपाठ लागलेल्या असत. लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेला की त्या फाइलीला हात लावायला कोणी धजावत नसे.

मग वेब आले. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याच वर्षी रासमुस लेर्डोर्फ यांनी आपल्या वैयक्तिक पानांसाठी लिहिलेली साधने पीएचपी या नावाने जगाला दिली. मायक्रोसॉफ्टचे एएसपी १९९६ च्या अखेरीस आले, पीएचपीची तिसरी आवृत्ती जून १९९८ मध्ये. या भाषांचे आकर्षण एका गोष्टीत होते: पानाच्या मधोमध कोड लिहिता येई. एचटीएमएलच्या दोन ओळी, मग कोडच्या चार, पुन्हा एचटीएमएल. एका दुपारी पान तयार होऊन चालू लागे. छोट्या शहरांतल्या तरुणांना या सोयीने प्रोग्रामिंगचे दार उघडून दिले, हे तिचे मोठे ऋण आहे.

त्या धाटणीने लिहिलेले ‘ऊसबिल डॉट पीएचपी’ हे पान डोळ्यांपुढे आणून पाहावे. पहिल्या पाच ओळींत डेटाबेसचे नाव, वापरकर्ता आणि पासवर्ड. त्याखाली सभासदाच्या पावत्या मागवणारी एसक्यूएल ओळ. मग तक्ता सुरू होतो. तक्त्याच्या प्रत्येक ओळीत टनेजला दराने गुणलेले, आणि तो दर आकड्यातच लिहिलेला. पुढे सोसायटीच्या कपातीची ‘इफ’ची अट, खताच्या कपातीची दुसरी अट, आणि शेवटी कारखान्याचे नाव-पत्ता. पान उत्तम चालते. मग गट ऑफिसला त्याच बिलांची गाववार यादी हवी असते. लिहिणारा हेच पान कॉपी करतो, दोन ओळी बदलतो, ‘गाववार डॉट पीएचपी’ तयार होते. मग बँकेसाठी यादी, ऑडिटसाठी यादी, संचालक मंडळासाठी गोषवारा. हंगाम बदलला आणि दर बदलला की आकडा पाच ठिकाणी सुधारायचा. चार ठिकाणी सुधारला आणि एक राहिला, तर शेतकऱ्याच्या हातातल्या कागदावर एक रक्कम आणि बँकेच्या यादीत दुसरी. ज्याने वर्षभर ऊस जपला त्याला हा फरक समजावून सांगणे कोणालाही जमत नाही.

या दुखण्यावर औषध बरेच आधी सांगितले गेले होते. डिसेंबर १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांचा निबंध प्रसिद्ध झाला. प्रोग्रामचे तुकडे कोणत्या निकषाने पाडावेत, हा त्याचा विषय. तोवरची रीत अशी की काम ज्या क्रमाने चालते त्याच क्रमाने तुकडे पाडायचे: आधी माहिती वाचणे, मग मांडणे, मग छापणे. पार्नास यांनी एकच छोटे काम दोन रीतींनी तोडून दाखवले आणि या रीतीचा दोष उघड केला. त्यांचे म्हणणे होते की आधी पुढे बदलण्याची शक्यता असलेल्या निर्णयांची यादी करावी आणि असा एकेक निर्णय एकेका तुकड्याच्या आत झाकून ठेवावा. बाकीच्या तुकड्यांना तो ठाऊकच असू नये. उसाच्या हिशेबाला ही कसोटी लावली की कुठे कापायचे ते लगेच दिसते. काट्यावरचे वजन ही घडून गेलेली गोष्ट आहे, ती बदलत नाही. दर बदलतो. म्हणून काट्याच्या फाइलीला दराची वार्ता लागता कामा नये, आणि दर कसा काढला हे बिलाच्या पानाला विचारता येऊ नये. त्याने फक्त रक्कम मागावी.

वेबच्या जगात हे शहाणपण हळूहळू झिरपले. पहिली पायरी ‘इन्क्लूड’ची. पानाचा माथा एका फाइलीत, तळ दुसरीत, डेटाबेसची जोडणी तिसरीत, आणि प्रत्येक पानाने त्या एकेका ओळीत बोलवायच्या. सर्व्हर बदलला तर एकच फाइल बदलायची. या पायरीवर एक धोका होता आणि त्यात अनेक जण सापडले. अशा फाइलींना ‘डॉट आयएनसी’ असे शेपूट लावायची पद्धत होती. सर्व्हरला ते शेपूट ओळखता आले नाही, तर तो फाइल चालवण्याऐवजी मजकूर म्हणून दाखवून मोकळा होई. कोणीही ब्राउझरमध्ये तिचा पत्ता टाकावा आणि डेटाबेसचा पासवर्ड वाचावा. कोडच्या फाइली वेब सर्व्हरच्या उघड्या फोल्डरबाहेर ठेवाव्यात, हा आज पाठ असलेला नियम अशा अनुभवांतून आला.

मराठीत काम करणाऱ्यांपुढे आणखी एक गाठ होती आणि ती इंग्रजीतल्या पुस्तकांत सापडत नसे. विंडोज २००० मध्ये देवनागरीला युनिकोडचा आधार मिळाला. तोवर, आणि नंतरही बरीच वर्षे, मराठी मजकूर फॉन्टच्या संकेतांत साठवला जाई. ‘कोडोली’ हे गाव डेटाबेसात रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची अगम्य माळ होऊन बसलेले असे. तो विशिष्ट फॉन्ट पानावर लागला तरच गाव वाचता येई. फॉन्टचे नाव पानापानात पेरलेले, सूचनांचा मजकूर कोडमध्ये मिसळलेला, आणि आडनावांची वर्णक्रमाने यादी लावली की ती भलत्याच क्रमाने येणार. युनिकोडकडे जाताना ज्यांनी मजकुराची फाइल वेगळी ठेवली होती त्यांना ती एक फाइल आणि डेटाबेस बदलावा लागला. बाकीच्यांना प्रत्येक पान उघडावे लागले. मराठी वेबच्या जडणघडणीत या कष्टांची नोंद जवळपास कुठेच नाही, आणि ती व्हायला हवी.

दुसरी पायरी पॅकेजची. एका विषयाच्या फाइली एका फोल्डरात ठेवायच्या, त्या फोल्डराला नाव द्यायचे आणि बाहेरच्यांनी त्या नावानेच आत यायचे. जावा जानेवारी १९९६ मध्ये पॅकेज घेऊनच आली. नावे एकमेकांवर आपटू नयेत म्हणून वेबपत्ता उलटा लिहून पॅकेजचे नाव करण्याची रीत तिने रूढ केली. पायथनच्या मूळ भाषेत पॅकेज १.५ या आवृत्तीपासून आले: फोल्डरात ‘इनिट’ नावाची फाइल ठेवली की ते पॅकेज झाले. पीएचपीला मात्र नावांची अशी कुंपणे घालायला २००९ उजाडावे लागले. त्या आधीची पीएचपी मंडळी फंक्शनच्या नावापुढे आद्याक्षरे जोडून वेळ मारून नेत.

मग सांगाडे, म्हणजे फ्रेमवर्क, आले. ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ च्या सुमारास झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात माहिती, तिचे दर्शन आणि वापरकर्त्याच्या हालचाली वेगळ्या ठेवण्याची मांडणी केली होती. तीच २००४ मध्ये रेल्स नावाच्या सांगाड्याने वेबवर लोकप्रिय केली आणि फोल्डरांची नावेसुद्धा ठरवून दिली. पुढच्याच वर्षी जॅंगो खुले झाले. त्याचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स नावाच्या छोट्या विद्यापीठी गावातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. बातमीदारांना तासाभरात नवे पान हवे असे, म्हणून तिथल्या एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी वारंवार लागणारे भाग वेगळे काढले. मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेबाहेर, रोजच्या कामाच्या रेट्यातून चांगली मांडणी घडू शकते, याचा तो पुरावा आहे. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीच्या वाचकाने तो आवर्जून लक्षात ठेवावा.

या दोन सांगाड्यांच्या वळणात फरक आहे. रेल्सच्या रीतीत एका प्रकारच्या फाइली एकत्र राहतात: सगळी मॉडेल एका फोल्डरात, सगळी दर्शने दुसऱ्यात. जॅंगोत विषयवार ‘ॲप’ करतात आणि त्या विषयाचे सगळे त्यात ठेवतात. कारखान्याच्या कामाला दुसरी रीत अधिक मानवते. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहिले होते की संस्था जी यंत्रणा घडवते तिच्यावर त्या संस्थेतल्या बोलण्या-चालण्याचा ठसा उमटतो. साखर कारखान्यात शेती विभाग, काटा आणि अकाउंट्स यांचे साहेब वेगळे, कागद वेगळे आणि तक्रारीही वेगळ्या. पाळीपत्रकात बदल हवा असे शेती अधिकारी सांगतो तेव्हा तो ‘पाळी’ या पॅकेजमध्ये सामावला पाहिजे. त्यासाठी चार फोल्डर धुंडाळावे लागले तर कापणी चुकीच्या जागी झाली असे खुशाल समजावे.

आता पुन्हा ‘वायर्ड व्हिलेज’कडे. वारणेच्या प्रकल्पात गावोगावी ५४ संगणक केंद्रे उभी राहिली. अपेक्षा मोठ्या होत्या: शेतीचा सल्ला, बाजारभाव, आरोग्य आणि शिक्षणाची माहिती मराठीतून, गावांची भौगोलिक माहिती नकाशावर. वर्षे गेली तसे दिसले की केंद्रांचा खरा वापर उसाच्या कामापुरताच उरला आहे. नोंद द्यायची, तोडीची चिठ्ठी घ्यायची, टनेज पाहायचे, खताची उचल पाहायची. त्यांत शेतकऱ्याचा पैसा गुंतलेला होता, म्हणून तेवढे टिकले. यात शेतकऱ्यांचे चुकले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांना कशाची गरज आहे हे त्यांनी पावलांनी दाखवून दिले.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरू इथल्या संशोधन केंद्रातले राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो टोयामा यांनी वारणेचा अभ्यास केला. त्यांनी पाहिले की केंद्रातल्या संगणकावर जे चालते ते मोजक्या शब्दांचे देणे-घेणे आहे. मग पूर्ण संगणक कशाला? त्यांनी ‘वारणा अनवायर्ड’ नावाची यंत्रणा केली. कारखान्यातल्या संगणकाला एक मोबाइल जोडला. गावातून ठरावीक संकेताचा एसएमएस पाठवायचा आणि उत्तरही एसएमएसनेच यायचे. सात गावांत आठ महिने हा प्रयोग चालला. संगणक केंद्रातून होणारी सगळी कामे मोबाइलवर झाली. खर्च कमी आला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांनी ही पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा अधिक पसंत केली, असा निष्कर्ष त्यांनी प्रसिद्ध केला.

कोडच्या मांडणीच्या दृष्टीने या आठ महिन्यांचे मोल फार आहे. गावातल्या टेबलावरचा संगणक गेला आणि त्या जागी खिशातला फोन आला, तरी नोंदीचे वही-खाते वारणानगरातच राहिले. विचारण्याची जागा आणि हिशेबाची जागा एकमेकांत गुंतलेल्या नसतील तरच अशी अदलाबदल होते. ऊसबिलाच्या त्या एका पानात टनेजचा हिशेब तक्त्याच्या रकान्यात बसवलेला होता. त्या पानाला एसएमएसने उत्तर दे म्हटले असते तर ते पुन्हा पहिल्यापासून लिहावे लागले असते. दरवाजा बदलणार, हा निर्णय पार्नास यांच्या यादीत अगदी वर असायला हवा. १९९८ मध्ये टेबलावरचा संगणक हाच कायमचा दरवाजा वाटत होता आणि दहा वर्षांच्या आत तो बदलण्याचा विचार सुरू झाला.

तुकडे पाडण्याचाही अतिरेक होतो. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या एनपीएम या भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले. अकरा ओळींचा कोड, काम एवढेच की अक्षरांच्या डावीकडे रिकामी जागा भरायची. तेवढ्याने जगभरातल्या हजारो प्रकल्पांची बांधणी अडली, कारण ते अकरा ओळींवर थेट किंवा आडवळणाने विसंबून होते. पावती क्रमांकापुढे शून्ये लावायला दूरदेशीच्या माणसाचे पॅकेज आणायचे की चार ओळी स्वतः लिहायच्या, हा विचार कोल्हापुरातल्या दोन-तीन माणसांच्या कंपनीनेही करायला हवा. हंगाम ऐन भरात असताना काट्यावर रांग लागलेली असते.

पण जिथे बदल सतत येतो तिथे तुकडा हवाच. दराचा नियम तर गेल्या पंधरा-सोळा वर्षांत पुन्हा पुन्हा बदलला. २००९ पर्यंत केंद्र सरकार किमान वैधानिक दर ठरवत असे. २००९-१० च्या हंगामापासून त्या जागी एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, आली. ती साखर उताऱ्याशी बांधलेली आहे: आधार उताऱ्याला मूळ दर आणि त्यावरच्या प्रत्येक अंशाला वाढ. हा आधार उताराही स्थिर राहिला नाही. आधी तो ९.५ टक्के होता, २०१८-१९ मध्ये १० झाला आणि २०२२-२३ मध्ये १०.२५. एफआरपी चौदा दिवसांत द्यावी आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्यावे, असे ऊस नियंत्रण आदेश सांगतो. शिवाय कोल्हापूर जिल्ह्यात जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत पहिल्या उचलीची मागणी ठरते, आणि तडजोडीनंतर कारखाने जी रक्कम जाहीर करतात ती एफआरपीहून वेगळी असू शकते. केंद्राचा नियम, राज्याचा आदेश आणि कारखान्याचा ठराव अशा तीन ठिकाणांहून बदल येतात, तेव्हा ‘दर’ हे एका आकड्याचे घर उरत नाही. त्याचे स्वतंत्र पॅकेज लागते आणि आत किमान तीन फाइली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची वाट मोकळी केली: पहिला हप्ता विभागासाठी धरलेल्या उताऱ्यावर, आणि हंगाम संपून प्रत्यक्ष उतारा ठरला की फरकाचा दुसरा. शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी त्याविरुद्ध न्यायालयीन लढा दिला आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला. एकरकमी देण्याचा नियम परत आला. याच काळात, २०२२ मध्ये, साखर आयुक्तालयाने ‘महा-ऊस नोंदणी’ हे मोबाइल ॲप आणले आणि शेतकऱ्याची लागण कारखान्याच्या गट ऑफिसाबाहेरूनही नोंदली जाऊ लागली. नोंदीचा दरवाजा आता आयुक्तालयाच्या कोडमध्येही आहे, तर बिलाचा हिशेब कारखान्याच्याच संगणकात. त्या हिशेबात दोन हप्त्यांचा नियम पुसून चालत नाही, कारण तो ज्या कारखान्याने ज्या हंगामात वापरला त्या हंगामाचे बिल उद्या ऑडिटसाठी किंवा कोर्टासाठी पुन्हा छापायची वेळ आली, तर ते दोन हप्त्यांतच निघाले पाहिजे. म्हणून हप्त्यांची फाइल हंगामाचे वर्ष विचारते, त्या वर्षाचा नियम निवडते आणि बिलाच्या पानाला फक्त रकमा आणि तारखा देते.